उसना पंप

बाबा आठवडाभर लोकांच्या तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करायचे.
शुक्रवारी दुपारी व्हॅनमधून शिडी उतरायची,
टायर चढायचे,
आणि मागे ट्रेलरवर ती हिरवी, बुटकी गाडी.
दारावर शहाऐंशी. माझ्या हातचा आकडा,
आठाचं पोट जरा सुटलेलं.

सव्वीस वर्षं, विस्कॉन्सिनपासून मिळेल त्या ट्रॅकपर्यंत.
जिंकलं तर पितळी पत्रा ठोकलेली एक फळी,
हरलं तर पहाटे तीनला इंडियानातली पाणचट कॉफी.
हौसेला मोल नसतं, ते म्हणायचे.
आई पावत्या दाखवायची.

त्या ऑक्टोबरात, ओहायोत,
राष्ट्रीय शर्यतीच्या आदल्या रात्री
टेनेसीचा ऑर्विल टँकर्स्ली आमच्या तंबूशी आला.
शाळेत भूगोल शिकवायचा तो.
त्याचा पेट्रोलचा पंप गेला होता.
बाबांनी खोक्यातला जुना काढून दिला.
'चालतो,' एवढंच म्हणाले.

अठराव्या फेरीपर्यंत ऑर्विल पुढे.
शेवटच्या वळणाआधीच्या चढावर
त्याची गाडी उचकी लागल्यासारखी अडखळली
आणि गवतात जाऊन गप्प बसली.

बाबा चॅम्पियन.
चौकड्यांचा झेंडा घेऊन एक फेरी मारली त्यांनी,
कुणी घटकाभर सांभाळायला दिलेलं मूल
धरावं तसा धरून.

फळी भिंतीवर लागलीच नाही.
कुणी विचारलं तर म्हणायचे,
ऑर्विलची गाडी बंद पडली.

हिवाळ्यात टपालाने खोकं आलं.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंप
आणि मास्तरांचं ठसठशीत अक्षर:
'उसना परत. दोष याचा नव्हता, माझीच एक वायर तुटली होती. हा अजून चालतो.'
बाबांनी चिठ्ठी तीनदा वाचली.
खोटं बोलणारा माणूस नव्हता ऑर्विल.
पण हे एवढं खोटं तो नक्की बोलला असता.

पंप खणात गेला.
भट्टीचा आजार जिन्यावरूनच कानाने ओळखणारा माणूस,
बॅटरीला दोन वायरी लावायला त्याला कितीसा वेळ?
एकोणीस वर्षं लावल्या नाहीत.
पुढे तीनदा ऑर्विलच्या मागे दुसरे आले,
आणि तिन्ही वेळा घरापर्यंत शीळ घालत आले.

आज गाडी न्यायला केंटकीहून एक पोरगा आलाय.
सुटे भाग मोजतोय. पंप उचलून विचारतो,
'हा चालतो का?'
बॅटरी त्याच्या पायाशीच आहे.

मी त्याच्या हातातून घेते पंप.
'हा विकायचा नाही.'
'कुणाचा आहे?'
तेही मला नीट सांगता येत नाही.