आठ युरो चाळीस

माहीमला फिलोमिनाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर,
आम्ही चौघी हिशेबाला बसलो.
परत येऊन सोळा दिवस झाले होते.
तळपायाचे फोड वाळले होते,
फक्त प्रमदाचा अंगठा अजून काळानिळा,
येणाऱ्याजाणाऱ्याला ती तो दाखवायची
लढाईतून आणल्यासारखा.

वही माझ्याकडे.
टेलिफोन एक्स्चेंजात तेहेतीस वर्षं
लोकांच्या मिनिटांचे हिशेब ठेवले,
सवय जात नाही.
रकाने पाडले होते: खोली, पाव, ट्राम,
आणि एक नुसता 'मोरी',
कारण तिकडे त्यालाही पन्नास सेंट पडतात
आणि आम्ही चौघी साठीच्या पुढच्या.
तो रकाना ट्रामपेक्षा लांब झाला.

जाण्याआधी तीन महिने चालायचा सराव केला,
नवे बूट घालून, पहाटे,
माहीमच्या किल्ल्यापासून वरळीच्या कोळीवाड्यापर्यंत
सुकटाच्या वासातून.
कालिंदी सगळ्यात मागे. हातात डबा,
डब्यात सोललेलं संत्रं, फोडी मोजून, चार वाटे.
तिनं अख्खं फळ खाल्लेलं
आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

व्हिएन्नात राजवाडे पाहिले,
बरेचसे बाहेरून, तिकिटाचा आकडा वाचून.
ग्राझच्या मनोऱ्यावर
मोठा काटा तास दाखवतो, छोटा मिनिटं.
प्रमदा म्हणाली, आमच्या घरी असंच चालायचं.
चर्च दिसलं की फिलोमिना आत. एक मेणबत्ती.
म्हणाली, हे पैसे माझे मी देते.
मी म्हटलं, आमच्यासाठी मागितलंस ना काही?
मग भागिले चार.

आणि मग ते गाव,
ज्याचं नाव मला अजून एका दमात येत नाही,
ल्युब्लियाना.
एकाच नदीवर तीन पूल, खांद्याला खांदा लावून,
आणि त्यातल्या कुठल्यातरी पुलावर
कालिंदी हरवली.
सामाईक पाकीट त्या दिवशी तिच्याकडे.

दोन तास.
फोन बंद. प्रमदा रडवेली.
मी एका पोलिसाला सगळं मराठीत सांगून मोकळी झाले,
त्यानं मान हलवली, अगदी मनापासून.
फिलोमिनानं दोन मेणबत्त्या लावल्या.
मग ती आली, चालत, सावकाश.
"रस्ता चुकले," एवढंच.
ओठ काळपट लाल.
ऊन लागलं असेल, मला वाटलं.

आता वही जुळेना.
आठ युरो चाळीस सेंट कुठे गेले?
खालून वर बेरीज केली, वरून खाली केली,
चहावर साय धरली.
तेव्हा कालिंदी, पंख्याकडे बघत, म्हणाली,
"चेऱ्या."

"एक किलो घेतल्या. काठावर पायऱ्या होत्या, तिथे बसले.
सगळ्या खाल्ल्या.
कुणाला हवी का, विचारलं नाही.
हाका ऐकू येत होत्या तुमच्या.
प्रमदा तर वरून गेली, पुलावरून. बूट दिसले."

राग यायला हवा होता.
आलाही थोडा, त्या पोलिसाच्या आठवणीनं.
प्रमदा अंगठा दाबत बसली.
फिलोमिना हसायला लागली,
ठसका लागून पाणी मागेपर्यंत.

कुठल्या रकान्यात घालू?
'पाव' मध्ये बसेना. 'किरकोळ' म्हणवेना.
शेवटी 'प्रेक्षणीय स्थळं' खाली लिहिलं
आणि सवयीनं भागिले चार करायला गेले.
कालिंदीनं वहीवर हात ठेवला.
"हे माझं एकटीचं."
शंभराच्या आठ नोटा मोजल्या, वर विसाच्या दोन.

खाली आलो तेव्हा दिवे लागले होते.
प्रमदानं टॅक्सी थांबवली.
कालिंदी म्हणाली, व्हा पुढे, मी येते चालत.
माटुंगा तसं लांब नाही,
पण ती निघाली ती उलट्या बाजूला,
समुद्राकडे, हात मोकळे सोडून.
मी काच खाली केली,
हाक मारायला तोंड उघडलं,
आणि ड्रायव्हरला म्हटलं, चला.