ताण

उदगीरला बदली झाली तेव्हा
क्वार्टरच्या मागच्या दाराशी हा मोगरा आधीपासून होता,
माझ्या खांद्याएवढा, हिरवागार, गुबगुबीत,
आणि तीन उन्हाळे एक कळी नाही.

नळ आठव्या दिवशी यायचा.
तरी तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं,
पाहुण्यानं तांब्यात अर्धं ठेवलेलं,
सगळं त्याला.
पोस्टातनं आले की चप्पल काढायच्या आधी त्याला.

शेजारचे मन्मथप्पा हलकुडे,
जनावरांच्या दवाखान्यातले रिटायर ड्रेसर,
भिंतीपलीकडनं हे सगळं बघत होते म्हणे.
चौथ्या मार्गशीर्षात बोलले,
"ताई, नुसतं जेवू घालू लालाव ह्याला.
पोट भरलेलं झाड कशाला फुलंल?
पाणी तोडा."

मी हसले.
ह्या गावात पाणी तोडा म्हणून सांगणारा
पहिलाच माणूस.
बाकीचे, नगरपालिका धरून,
न सांगता तोडतात.

आळं उकरून त्यांनी मुळांना ऊन दाखवलं,
गोधड्यांना दाखवतात तसं.
पानं मलूल झाली, मग पिवळी,
मग खराट्यापुढं पळत अंगणभर.
एका रात्री मला राहवलं नाही,
फुलपात्रभर ओतलं.
सकाळी त्यांनी वाकून चिमूटभर माती चोळली,
माझ्याकडं न बघता म्हणाले,
"आठ दिवस वाढले."

संक्रांत झाली. पुतण्याच्या डाळिंबाच्या बागेतली
सिकेटर घेऊन आले.
स्पिरिटच्या बोळ्यानं पातं पुसलं,
हात पुढं केला
आणि हात थरथरू लागला, थांबेना.
दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला त्यांनी,
लाथाळ्या बैलाचा पाय धरावा तसा.
"तुम्हीच कापा. मी सांगतो."

वाळलेली आधी.
मग एकमेकींना घासणाऱ्या दोघींतली एक.
मग बुडातनं सरळ वर गेलेली, सगळ्यात जाड, सगळ्यात देखणी.
"ही?"
"हीच. खाती अन् उंच होती, दुसरं काम नाही तिला."
डोळ्याच्या वर अर्धं बोट ठेवून,
तिरपं. जखमेवर पाणी थांबू नये.
"डोळा बाहेर बघणारा धरा.
आत बघणारा धरला की
फांदी पुन्हा घरातच शिरती."

एक चुकीची कापली मी.
आवाजावरनंच कळलं, ओला आवाज होता.
ते काही बोलले नाहीत.
फांदी उचलली, वरचं कोणतं खालचं कोणतं बघितलं,
तेलाच्या डब्यात माती भरून तिथंच भिंतीला खोचून ठेवली.
मग जखमेजखमेला हळद लावत बसले.
"गाईला निदान सांगता येतं,
दोन मिनिटं थांब म्हणून."

गुडघ्याएवढा सांगाडा उरला.
पोस्टमास्तरांची बायको विचारून गेली, कुणी जाळलं का.

शेणखत टाकून पहिलं पाणी दिलं ते
पंचांग बघून नाही,
नळ आला त्या दिवशी.

फाल्गुनात लालसर टोकं.
तोवर मन्मथप्पा हाताच्या उपचाराला
बिदरला, लेकीकडं गेलेले.
चैत्रात एका संध्याकाळी दिवे गेले,
आणि अंधारात
आधी वास आला, मग मी बॅटरी शोधली.

फोन लावला.
"सतरा," मी म्हणाले.
"मोजू नका, खुडा. ठेवलं की थांबतंय ते."
मग म्हणाले, "डबा?"
डब्याचं मी विसरलेच होते.
फोन कानाला तसाच धरून भिंतीपाशी गेले.
"दोन पानं आलीत, अप्पा. नखाएवढी."

तिकडं थोडा वेळ काही नाही,
फक्त पंख्याचा आवाज.

"बघा बरं नीट," ते म्हणाले,
"बाहेर बघू लालेत
का आत?"

मी बॅटरी खाली धरली, आणि वाकले.