न सांगितल्यास नव्वद

वैदोतासनं अवजार लिहिलं तीन रात्रींत.
त्याची पुस्तिका लिहायला मला मिळाले तीन आठवडे.
हे नेहमीचंच. कापायला वेळ लागत नाही,
कात्री कशी धरायची ते सांगायला लागतो.

अवजार काय करतं:
संगणकात साठून राहिलेली खाती शोधतं,
कोण शेवटचं कधी येऊन गेलं ते बघतं
आणि ठरल्या दिवसांपलीकडची काढून टाकतं,
फायली, फोटो, अर्धवट पत्रं, सगळ्यासकट.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "पुसतं".
वैदोतास म्हणाला, पुसलेलं थोडा वेळ ओलं दिसतं.
हे तसं नाही.
"काढून टाकतं" लिही.
लिहिलं.

चाचणीसाठी क्लाइपेडाच्या धक्क्यावर गेले,
आठ नंबरच्या फाटकाआत, खलाशांच्या विसाव्याला.
दोन संगणक, एक किटली,
विणलेल्या लोकरी टोप्यांचा खोका, ज्याला हवी त्यानं घ्यावी,
आणि गेली एकोणीस वर्षं तिथली किल्ली सांभाळणाऱ्या लेओकादिया.

आधी कोरडी फेरी.
कोरडी फेरी म्हणजे (पान चार) फक्त दाखवायचं,
हात लावायचा नाही.
दोनशे अकरा नावं आली. एकशे त्रेसष्ट लाल.

लेओकादियांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"हा रोडेल, इलोइलोचा. डावखुरा.
माउस उलट्या बाजूला ठेवून जायचा, मी परत इकडे.
हा बातुमीचा. कळफलक जॉर्जियन करून ठेवलेला,
मला माझंच नाव लिहिता येईना.
आणि हा तेबुआई, किरिबाटीचा.
त्याला मुलगी झाली ती या खुर्चीवर.
म्हणजे झाली तिकडे, फोटो इथे उतरला,
अकरा मिनिटं, वरून खाली, एकेक रेघ.
आधी जावळ. मग कपाळ.
भुवयांपाशी लाइन गेली.
आम्ही सहा जण उभे, किटली उकळून उकळून कोरडी."

शेवटचा वापर: दोनशे चौसष्ट दिवसांपूर्वी.
लाल.

"करार नऊ महिन्यांचा असतो," त्या म्हणाल्या,
"आता कुठे जहाज वळलं असेल."

मी वैदोतासला फोन लावला. नव्वदच का?
म्हणाला, काहीतरी आकडा घालावाच लागतो.
म्हणाला, डिस्क भरते.
मग जरा थांबून,
शाळेसाठी केलं होतं गं. उन्हाळ्याची सुट्टी धरून.
मुलं नव्वद दिवसांत परत येतात.

आमच्याकडे निरोप घेताना "इकी" म्हणतात.
इकी म्हणजे "पर्यंत".
एवढंच. कुठपर्यंत, कधीपर्यंत, ते कुणी सांगत नाही,
विचारतही नाही, दार ओढून घेतात वाऱ्यामुळे.
आयुष्यभर मी हा शब्द बोलले
आणि पान सातवर पहिल्यांदा
त्याच्यापुढे आकडा लिहायला बसले.

रात्री सूचना लिहिली, चौकटीत:
"हा आकडा शाळेच्या हिशेबानं आहे.
तुमच्याकडची माणसं किती दिवसांनी येतात,
ते त्यांना ओळखणाऱ्या कुणाला तरी विचारा."
वैदोतासनं दुसरं वाक्य खोडलं.
पुस्तिकेत ओळख कसली, म्हणाला.
मी ते परत घातलं. त्यानं परत खोडलं.
छापायला गेली तेव्हा ते होतं की नव्हतं,
मी मुद्दाम पाहिलेलं नाही.

विसाव्यात आम्ही चारशे घातले.
तरी अडतीस नावं लाल राहिली.
लेओकादिया ती मनातल्या मनात वाचत गेल्या,
एका नावावर बोट थांबलं,
कुणाचं ते मी विचारलं नाही.
"खात्री आहे का?" पडद्यानं विचारलं.
हा प्रश्न मीच लिहिला होता, मागच्या मंगळवारी.
त्यांनी "हो" दाबलं.

पाच सेकंद लागले.
मग उठल्या, फडका भिजवून आणला,
दोन्ही कळफलक पुसले,
आणि माउस
डावीकडे ठेवला.