पाठकोरा कागद

पेव्हर ब्लॉक, साठ एमएम, करडा आणि लाल,
मजुरी धरून एकोणचाळीस हजार आठशे,
खाली डोंगरेंची सही, मानेवाडा रोड.
कागद पाठकोरा होता म्हणून ठेवला.
त्याच्यावर आता मी अंगण काढतेय.

शलाका फोनवर म्हणते, आई, ब्लॉक बसवून टाक,
चिखल नको, विंचूकाटा नको,
आणि तुझे गुडघे...
वाक्य ती तिथंच सोडते.

बाहेर हस्ताचा पाऊस.
परतीला निघालेल्या पाहुण्यासारखा
चपला घालतो, फाटकापर्यंत जातो,
काहीतरी विसरलं म्हणून
पुन्हा आत येतो.

मे महिन्यात सत्तेचाळीस अंश होते.
आम्ही दोघं मेडिकलच्या वॉर्डात,
ते खाटेवर, मी खाटेखाली सतरंजीवर.
बावीस दिवस घराला कुलूप.
परतलो तेव्हा मोगरा हाताला कुरकुरला,
कढीपत्त्याचा नुसता दांडा,
आणि संत्र्याचं झाड वरून खाली
तपकिरी होत गेलेलं.
त्यांनी रिक्षातूनच पाहिलं. बोलता येत नव्हतं,
तेव्हा ते बरंच वाटलं मला.

बाग त्यांची होती.
मी फक्त कूलरचं उरलेलं पाणी ओतायची,
तेही चुकीच्या कुंडीत.

पोळ्याच्या सुमारास संत्र्याला बुडाशी फूट आली.
हिरवीगार, सरळ, ताठ.
मी पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले.
काटोलचा ताराचंद आला, वाकून पाहिलं, म्हणाला,
"काकू, हे संत्रं नोहे. कलम मेलं.
हा खालचा खुंट फुटून राह्यला, जंभेरी.
काटे पाहा नं."
काटे होतेच. मी ते
नवेपणाचे समजले होते.

"उपटू?"
"काहून उपटता? मूळ जित्तं आहे.
दिवाळी होऊ द्या, साल सुटली का
डोळा भरून देतो."

तर कागदावर पहिला गोल जंभेरीचा.
मग फाटकाशी मेथी, पालक,
भिंतीला वालाचा वेल,
आणि कूलरची गंजकी टाकी, बुडाला भोकं पाडून,
तिच्यात लाल मुळा.
कूलरचा जुना वाळा कुजत घालायचा.
उन्हाळाभर ज्यानं थंडावा दिला
तो आता माती होऊ दे.

वांगी मी दक्षिणेच्या कोपऱ्यात काढली.
खुर्चीच्या दांड्यावर टक टक.
"काय?"
डाव्या हाताचं बोट मोटघरेंच्या नव्या मजल्याकडे,
वर काळ्या टाकीकडे, मग खाली.
मला कळायला एक पूर्ण सर लागली.
डिसेंबरात ऊन कलतं,
टाकीची सावली दुपारभर
माझ्या वांग्यांवर बसणार.
खोडलं. वांगी पायरीपाशी आणली.
"हं," म्हणाले.

चार महिन्यांत त्यांच्याजवळ पाच शब्द जमलेत:
हं, नाही, चहा, शलू,
आणि एक शिवी, जी डॉक्टरांसमोर
फार स्पष्ट येते.

मग पेन मागितलं.
डाव्या हातानं एक रेघ ओढली,
जंभेरीपासून नळाला वळसा घालून
थेट फाटकाबाहेर, मेथीच्या मधून.
"हे काय? वाट?"
"नाही."
"वेल?"
"नाही." आणि ती शिवी.
मी दार उघडलं, कुठं चुकतंय ते पाहायला.
काळ्या मातीत पाणी साचून
मेथीच्या जागी अख्खं तळं,
आणि त्यात एक पिवळा बेडूक
भाड्यानं राहायला आल्यासारखा.

"पाणी?"
त्यांनी ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.
घाई नव्हती. पाऊस थांबलाच नव्हता.
"प," म्हणाले.
मग थोड्या वेळानं उरलेलं.

कागदाच्या कडेला मी लिहिलं: चर खणणे, एक वीत.
शाई ओल्या बोटानं पसरली
आणि उलट बाजूचे एकोणचाळीस हजार
मेथीतून अंधुक दिसू लागले.
डोंगरेंना फोन करायचा राहिलाय.
आधी खुरपं शोधते. ते कुठं ठेवलंय
हेही त्यांनाच ठाऊक.