भिंती अजून फुलात आहेत

जोत्याचे दगड मांडून झाले,
चुना न घालता, दगडावर दगड, फटीत चिपा,
तेव्हा हौसाबाई मरगळे उकिडव्या बसल्या,
डोळे बारीक करून म्हणाल्या, "ह्यो हलतोय."
मी पाय ठेवून पाहिला. हलत होता.

एकतीस वर्षे मी हिंजवडीत स्लॅब ओतले,
एम-पंचवीस, एम-तीस,
ठोकळा यंत्रात फोडायचा, आकडा वहीत लिहायचा, खाली सही.
इथे वेल्ह्याच्या वरच्या रानात
आकडा कुणी मागत नाही.
माती मुठीत वळायची, कमरेच्या उंचीवरून सोडायची.
भुगा झाला तर वाळू जास्त,
पसरली तर पाणी जास्त,
तडकून गोळाच राहिला तर बाई मान हलवतात.
तीच सही.

नकाशात मी हॉल पूर्वेला काढला होता.
पहिल्या पहाटे तिथे साळिंदराचा काटा सापडला,
दुसऱ्या पहाटे दोन.
"वाट हाय त्याची. तुमी यायच्या आदीपासनं."
हॉल सात फूट सरकवला.
मग ऐनाची मुळे आडवी आली, न्हाणी वळवली.
आता नकाशा पाहून कुणीही म्हणेल,
हा माणूस पिऊन बसला होता.

दार आणले पुण्याच्या जुन्या बाजारातून,
कुठल्याशा दाताच्या दवाखान्याचे.
पांढऱ्या रंगात अजून वाचता येते:
चपला बाहेर काढाव्यात.
खरवडणार होतो. राहू दिले.
कौले बंद पडलेल्या गिरणीची,
भिजली की रात्रभर पिठाचा वास.

आणि तरी हिशेब जुळत नाही.
कंदिलाशी वही घेऊन बसतो:
टेम्पोच्या खेपा नऊ.
न्हाणीपुरता चुना, त्यात हिरडा, गूळ, सगळे ठीक;
पण तो ज्या भट्टीत भाजला
तिच्यात कुठल्या डोंगराचे लाकूड?
सौरदिव्याची बॅटरी मेली की कुठे पुरायची?
रानाला सगळ्यांत कमी त्रास देणारे घर
म्हणजे न बांधलेले घर.
हे लिहिले. खोडले.
पुन्हा लिहिले, आणि सवयीने खाली सही केली.

कुडाला कारवी हवी होती.
कोयता घेऊन चढलो
तर अख्खी उतरण जांभळी, गुणगुणणारी.
हौसाबाईंनी कोयता माझ्या हातातून काढून घेतला,
रागाने नाही,
लहान पोराच्या हातून घेतात तसा.
"सात वर्सांनी फुललीय. बी पडू दे, मरू दे.
मेल्यावर उभीच ऱ्हाती, तवा न्या."
तवा म्हणजे कधी?
"शिमगा होऊ द्या."

म्हणून मी सध्या भिंती नसलेल्या घरात राहतो.
जोते आहे, खांब आहेत, वर कौले,
चौकटीत दार आहे, दाराला कुलूपही.
मी इमानाने दारातूनच ये-जा करतो.
मधमाश्या करत नाहीत.

मनात येते, हा कूड सात वर्षे टिकेल,
मग पुढच्या फुलोऱ्यानंतर नवा.
तेव्हा मी एकाहत्तरचा.
इतक्या कमी मुदतीचे काम
मी आयुष्यात कुणाला दाखवले नसते.

मुलीचा फोन येतो. रेंज फक्त त्या काळ्या खडकावर.
"बाबा, किती झालं काम?"
टक्के सांगायला तोंड उघडतो
आणि म्हणतो, भिंती अजून फुलात आहेत.
"काय? नीट ऐकू आलं नाही."
मी पुन्हा सांगत नाही.

काल मध्यरात्री ते आले,
काटे खुळखुळत, सावकाश.
सात फूट सोडलेल्या जागेतून नाही,
सरळ घराच्या मधून.
अंथरुणापाशी थांबले, माझ्या पायांचा वास घेतला,
पलीकडे उतरून गेले.

सकाळी सांगितले तर हौसाबाई इतक्या हसल्या
की हातातला गारा निसटला.
"वाट म्हंजी काय डांबरी रस्ता हाय व्हय त्यो?"