दोनशे अकरा

गेटातून आत आलं की डाव्या हाताला फळा आहे.
वर पिवळ्या रंगात : अपघाताविना दिवस.
खालचा आकडा मी रोज खडूनं बदलते,
पुसते ओढणीच्या टोकानं,
कारण फडकं कुणीतरी पळवतं, ग्रीसचे हात पुसायला.

कुपवाडच्या या फाउंड्रीत मला म्हणतात हेल्मेटबाई.
समोर नाही. समोर मॅडम.
मी शेडमध्ये शिरले की एक शिट्टी फिरते
मोल्डिंगपासून फेटलिंगपर्यंत,
चष्मे कपाळावरून डोळ्यांवर घसरतात,
मी वळले की पुन्हा कपाळावर.
पाठीला डोळे नाहीत माझ्या,
पण आठ वर्षांत पाठीला कान फुटलेत :
गार्ड काढलेला ग्राइंडर
जरा मोकळा गातो.

तीनशे पासष्ट भरले की प्रत्येकाला प्रेशर कुकर,
पाच लिटरचा,
असं मालकांनी दसऱ्याच्या पूजेनंतर माइकवरून सांगितलं,
आणि त्या दिवसापासून आकडा माझा उरला नाही.
दस्तगीरची बायको फोनवर विचारते, किती झाले?
कॅन्टीनच्या शेवंताबाईंनी
जुन्या कुकरची शिट्टी बदलायचीच सोडून दिली.

दोनशे अकराव्या दिवशी, दुसऱ्या पाळीत,
जिनपालच्या करंगळीचं टोक गेलं.
हरभऱ्याच्या दाण्याएवढं.
हातमोज्यात मूठ आवळून तो म्हणाला,
मॅडम, घरी दारात सापडलं म्हणून लिवा.
न्हाईतर गाडीच्या चेनीत. कुठंबी.
हितं न्हाई.
मागं सतराजण उभे, कुणी काही बोलेना,
भट्टीचा पंखा तेवढा घुमत होता.
चोवीस वर्षांचा पोरगा,
रक्ताकडे बघत नव्हता,
माझ्या पेनाच्या टोपणाकडे बघत होता.

मिरजेच्या दवाखान्यात बाकावर बसून
मी फॉर्म भरला.
ठिकाण या रकान्याशी बराच वेळ थांबले.
दारात, लिहिता आलं असतं.
दार कुठं नसतं?

सकाळी शून्य काढलं.
सगळ्या आकड्यांत काढायला सोपं, एकच गोल.
मला तो दोनदा पुसावा लागला.

त्या दिवशी माझ्या टेबलावर चहा आला नाही.
दुपारपर्यंत कुणीतरी शून्याला
नाक, डोळे, दोन वेण्या काढल्या,
वर हेल्मेट.
चित्र चांगलं होतं.
हनुवटीचा पट्टासुद्धा लावलेला,
अख्ख्या शेडमध्ये तेवढाच.

पाळी सुटताना भट्टीवरचा आडगोंडा आला,
निवृत्तीला सात महिने राहिलेला.
दारातच उभा राहिला, आत बस म्हटलं तर नको.
म्हणाला, आमचा बा हरिपुरात हळदीच्या पेवावर हुता.
पेव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई.
आत हवा मेल्याली असती.
दिसभर तोंड उघडं ठेवायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
तेवला तर माणूस. विझला तर थांबायचं.
वर व्यापारी बोंबलायचा, गाडी खोळंबली म्हणून.
बा इझलेला कंदील वर काढायचा,
काच पुसायचा, बाजूला ठेवायचा.
त्येला लाथ न्हाई घातली कधी.

पेवं आता?
पुरात बुजली, म्हणाला, आणि निघाला,
चष्मा कपाळावरच.
मी ओरडले : आडगोंडा, चष्मा!
तो न वळता हात वर करून हसला,
भट्टी तर बंद होती तोवर.

आज एकोणीस.
जिनपाल स्टोअरला बसतो आता,
बोल्ट मोजतो, माझ्याशी बोलत नाही.
कुकरचं पुढच्या वर्षी बघू, असं मालक म्हणालेत.
फडकं अजून पळतंच.
पण तिसऱ्या बेंचवरचा ग्राइंडर
दोन दिवस जरा दबून गातोय.
जवळ जाऊन बघायला हवं.
नाही गेले अजून.
थोडा वेळ लांबूनच ऐकते.