कुणी रचलं, ठाऊक नाही

न्यूफाउंडलंडच्या त्या मासळी-कारखान्यात
हजेरीचं कार्ड मिळायचं, त्याच्या पाठीवर
डॉर्कस कीपिंग ओळी लिहायची.
खवले चिकटलेले शब्द, काही ओलीनं फिसकटलेले.
गिटार नवऱ्याची. नवरा बोटीसकट गेला,
तिनं तारा तेवढ्या बदलल्या.

टोरांटोत एकदाच रेकॉर्ड निघाली.
तिथला माणूस म्हणाला, कॉड नको गाण्यात,
ऐकणाऱ्याला वास येतो. चंद्र घाल.
तिनं कॉडच ठेवला.
तीनशे प्रती फेरीबोटीनं परत आल्या, ओल्या खोक्यांत.
एक माझ्याकडे आहे. दुसऱ्या बाजूला सुई उडते.

मग कारखान्याला कुलूप,
आणि अठरा वर्षं शाळेची बस.
मागच्या बाकावरची पोरं तिचंच गाणं
भलत्या चालीत ओरडायची.
ती आरशातून एवढंच म्हणे :
खाली बसा रे, वळण आलं.

परवा एबेनच्या मयतानंतर हॉलमध्ये
कुणा पाहुण्या पोरानं ते म्हटलं.
आधी सांगितलं, हे फार जुनं, लोकांचं आहे,
कुणी रचलं, ठाऊक नाही.
मी उठणारच होतो.
तिनं माझी बाही धरली.

तिसऱ्या कडव्यात एक शब्द वेगळा होता.
कुठल्याशा खाडीत, कुणाकुणाच्या तोंडी
झिजून तसा झाला असावा.
डॉर्कस जरा पुढे झुकली.
"हा बरा आहे," पुटपुटली,
"मला तेव्हा सुचलाच नाही."

आणि चहात साखर ढवळत राहिली,
तीन चमचे,
डॉक्टरनं बंद केलेली.